मंडळीत नवीन माणूस आला की: मिरजेतल्या एका पंचाच्या सूचना

मी एसटीत वाहक होतो. अथणी, चिकोडी, जत, विजापूर, पंढरपूर, याच रस्त्यांवर सगळी नोकरी झाली. निवृत्त झालो तसं मंडळीनं, म्हणजे आमच्या चर्चनं, पंच कमिटीत घेतलं आणि दाराशी उभं राहायचं काम गळ्यात घातलं. का, तर "तुम्हाला माणसांची सवय आहे." सवय आहे, हे खरंच. गाडीत चढलेल्या माणसाला आपला थांबा माहीत नाही, हे तिकीट फाडायच्या आधीच तोंडावरून कळतं. चर्चच्या पायरीवरही कळतं.

आता आसपासच्या मंडळ्यांतले पंच विचारतात. त्यांच्याकडेही दवाखान्यात, कारखान्यात, बांधकामावर बाहेरची ख्रिस्ती माणसं यायला लागलीत. एक-दोन रविवार दिसतात आणि मग गायब होतात. तुम्ही काय करता ते लिहून द्या म्हणाले, म्हणून लिहितोय. माझं म्हणणं एवढंच आहे की रविवारी दारात केलेल्या हस्तांदोलनावर फार भिस्त ठेवू नका. माणूस टिकणार की जाणार, हे सोमवार ते शनिवार ठरतं.

आमचं गाव दवाखान्यांचं. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली इथं मिशन दवाखाना उभा केला, तेव्हापासून बाहेरून येणाऱ्यांची रीघ लागलेली आहे. नर्सिंगच्या मुली, लॅबमधली पोरं, रेल्वेतले, कुपवाड एमआयडीसीतले. मंडळी मूळची अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या वळणाची, पण बाकावर बघाल तर मराठी, कानडी, तेलुगू, मल्याळी, झारखंडची हिंदी, सगळं एका ओळीत. त्यात ल्यूथरन, म्हणजे जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या वळणाचे, बरेच. गुंटूरकडचे आणि रांचीकडचे. मी मुख्यतः त्यांच्याबद्दलच लिहिणार आहे. कारण ते मुकाट्यानं येतात, मागच्या बाकावर बसतात, आणि काही चुकल्यासारखं वाटलं तर मुकाट्यानंच जातात.

आधी थोडा अभ्यास

समोरचा कुठल्या घरचा आहे, हे आपल्याला थोडं तरी ठाऊक हवं. पाळकच, म्हणजे चर्चचे धर्मगुरूच नव्हे, दाराशी उभ्या राहणाऱ्यानंही एवढं पाठ करावं.

भारतात आलेले पहिले प्रोटेस्टंट मिशनरी ल्यूथरनच. झिगेनबाल्ग आणि प्ल्यूटशौ हे दोघे १७०६ साली तामिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगंबाडीला उतरले. म्हणजे आपल्याकडे मिशन यायच्या शंभर वर्षं आधी. गुंटूरला अमेरिकेतून फादर हायर १८४२ साली आले. आंध्रातली ल्यूथरन मंडळी तिथून वाढली. रांचीला जर्मनीतल्या गोस्नर मिशनचे लोक १८४५ साली पोचले आणि १८५० मध्ये चार उरांव माणसांचा बाप्तिस्मा झाला. आज छोटा नागपुरात उरांव, मुंडा, खडिया यांची जी मोठी ल्यूथरन मंडळी आहे, तिची सुरुवात ती.

हे भाषणात वापरायचं नाही. एखादा मुलगा म्हणाला, "रांची साइड से हूँ," तर आपण फक्त विचारायचं, "गोस्नर?" बस. इथवर सगळ्यांनी त्याला "बिहारी का?" एवढंच विचारलेलं असतं. आपल्या मंडळीचं नाव परक्या गावात ऐकल्यावर माणूस कसा खुलतो, ते एकदा बघाच. आपण "सलाम" म्हणतो, तो "यीशु सहाय" म्हणेल, गुंटूरची सिस्टर "वंदनालु" म्हणेल. आपणही त्यांचंच म्हणावं. जीभ झिजत नाही.

शनिवारची कामं

गायन मंडळाचा सराव शनिवारी संध्याकाळी असतो, तेव्हाच दुसऱ्या दिवसाची तयारी उरकून टाकायची. गीतांचे नंबर फळ्यावर लावायचे. उपासनेचा क्रम एका कागदावर मोठ्या अक्षरांत छापून झेरॉक्स काढायच्या. आमच्याकडे हा कागद मराठीत असतो आणि शेजारी हिंदीत दोन-दोन शब्द: उभे राहा, बसा, मतांगीकार (विश्वासाची कबुली), दानार्पण. नव्या माणसाला सगळ्यात मोठी भीती वाटते ती चुकीच्या वेळी उभं राहण्याची.

शास्त्रवाचनाचा घोळ वेगळाच. पाळक म्हणतात, "अनुवाद, अध्याय सहा." आपले लोक पानं उलटतात आणि झारखंडचा मुलगा मोबाइल हातात धरून बसतो, कारण त्याच्या हिंदी बायबलात त्या पुस्तकाचं नाव व्यवस्थाविवरण. तेलुगूत आणखी तिसरंच. आम्ही उपाय साधा केला. वाचणारा उभा राहिला की नाव सांगतो आणि लगेच "जुन्या करारातलं पाचवं पुस्तक" असंही म्हणतो. मग पाचापर्यंत मोजावं आणि थांबावं. सगळ्यांना आपापल्या भाषेत सापडतं.

गीतं निवडताना एक तरी असं घ्या, ज्याची चाल सगळ्यांना येते आणि शब्द ज्याचे त्याचे. स्तोत्र ४६ वरून ल्यूथरनं रचलेलं देव हा किल्ला आहे असं सांगणारं गीत ल्यूथरन माणसाला झोपेतून उठवलं तरी येतं. ते लावा, आणि ज्यानं त्यानं आपल्या भाषेत म्हणावं. बाकी मात्र आपली भजनं सोडू नका. पाहुण्यांसाठी म्हणून तबला-पेटी गुंडाळून कीबोर्ड लावणाऱ्या मंडळ्या मी पाहिल्यात. गुंटूरच्या लोकांना आपलं रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं भजन टाळांवर ऐकायला मनापासून आवडतं. सतारमेकर गल्ली असलेल्या गावात पेटी बेसूर ठेवायची म्हणजे लाजच की.

दारात

दोन माणसं लागतात, एक दारात, एक आत. दारातल्यानं सलाम करायचा आणि कागद द्यायचा. आतल्यानं जागा दाखवायची आणि जमलं तर शेजारी बसायचं. दारातलाच आत गेला तर मागून येणारा पायरीवर उभा राहतो. आमच्याकडे चपला बाहेर काढतात, बाया डावीकडे बसतात, पुरुष उजवीकडे. नवरा-बायको नवीन असली तर हे त्यांना ठाऊक नसतं, दोघं मिळून पुरुषांच्या बाजूला बसतात. बसू द्या. चालू उपासनेत बाईला उठवून पलीकडे पाठवणं हा अगोचरपणा मी होऊ देत नाही. डोक्यावर पदर घेतला नाही म्हणून खुणा करणाऱ्या आजीबाईंनाही आम्ही सांगून ठेवलंय.

आता प्रश्नांचं. इथं जरा थांबतो, कारण बहुतेक बिघाड इथं होतो.

विचारायचं एवढंच: नाव काय, कुठून आलात, इथं राहता कुठं, जेवणाची सोय कशी आहे. कानडी माणूस असेल तर "ऊटा आयता?" एवढं तरी यावंच. विचारायचं नाही ते: आडनाव. "पूर्ण नाव काय?" हे आपल्याकडे किती भोळेपणानं विचारतात आणि त्यामागं काय शोधत असतात, हे मला सांगायला नको. मूळचे कोण, आजोबा कोण होते, मंडळी कुठल्या लोकांची, हे तर अजिबातच नाही. आंध्रात काय, झारखंडात काय, आपल्या सातारा-सांगलीत काय, ज्यांना गावानं वेशीबाहेर किंवा रानात ठेवलं, त्यातलेच बरेच मंडळीत आले. त्यांच्या नातवंडांनी परगावी येऊन पहिल्या रविवारी पुन्हा तीच परीक्षा का द्यायची? आमच्या एका जुन्या सभासदांनी एकदा एका मुलीला असं खोदून विचारलं. ती पुढच्या रविवारी आली नाही. मग पाळकांनी कमिटीत विषय काढला आणि तेव्हापासून दारातल्या वहीत आडनावाचा रकानाच नाही. नाव, मोबाइल, राहण्याचं ठिकाण. आणि वही पुढं करायची तीसुद्धा दुसऱ्या रविवारी.

आणखी एक. "आज आपल्यात नवीन पाहुणे आहेत, कृपया उभं राहून दोन शब्द बोला" ही प्रथा बंद करा. पाळकांना मोठेपणा वाटतो, पाहुण्याला घाम फुटतो. उपासनेनंतर चहाच्या वेळी दोन माणसांशी गाठ घालून द्या. एक त्याच्या भाषेतला, एक त्याच्या गल्लीतला.

ती उभी राहिली तेव्हा

एक गोष्ट सांगतो, म्हणजे काय म्हणतोय ते कळेल. गुंटूरकडची एक सिस्टर नाइट ड्यूटी करून थेट उपासनेला आली होती. पांढऱ्या कपड्यावर स्वेटर, हातात डबा. शुभवर्तमानाचं, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्राचं, वाचन सुरू झालं आणि ती उभी राहिली. ल्यूथरन उपासनेत शुभवर्तमान उभं राहून ऐकतात. आमच्यात बसून ऐकायची पद्धत. अख्ख्या चर्चमध्ये ती एकटीच उभी. तिच्याही लक्षात आलं. डबा या हातातून त्या हातात घेतला, पण बसेना. दोन पोरी हसल्या. पुढच्या बाकावरचे आमचे सगळ्यात वयस्कर पंच, गुडघे दुखतात त्यांचे, काठी टेकत उठले आणि उभे राहिले. मग त्यांच्या मागचा बाक. वाचन संपेपर्यंत सगळी मंडळी उभी होती.

ठराव झाला नाही, चर्चा झाली नाही. तेव्हापासून शुभवर्तमानाला आम्ही उभे राहतो. ती सिस्टर आता शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गात, शिकवते.

प्रभुभोजन

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या अखेरच्या भोजनाचा विधी, असतो. नव्या माणसाची खरी पंचाईत तेव्हा होते. आमच्याकडे पंच ताटातून भाकर आणि छोटे प्याले बाकांवर फिरवतात. प्याल्यात द्राक्षरस असतो, तोही घरचा: तासगावचे बेदाणे रात्री भिजत घालायचे, सकाळी उकळून, कुस्करून, फडक्यातून गाळायचे. ल्यूथरन माणसाला वेदीजवळ जाऊन गुडघे टेकायची सवय. त्याला वाटतं, बोलावलं कधी? आणि तो बसून राहतो, ताट पुढं निघून जातं.

म्हणून भोजनाच्या आधी पाळकांनी दोन वाक्यांत सांगावं: ताट तुमच्याकडे येईल, भाकर घेऊन थांबा, सगळे मिळून खाऊ. मराठीत आणि हिंदीत. ज्यांना गुडघे टेकून घ्यायचंय त्यांनी शेवटी पुढं यावं, अशी सोयही आम्ही ठेवली आहे.

शिकवणीतला फरक असतो, तो लपवू नका आणि उकरूही नका. भाकरीत आणि द्राक्षारसात ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त खरोखर असतं, असं ल्यूथरन मानतात. आमच्या वळणात स्मरणावर आणि आत्मिक सहवासावर भर. १५२९ साली मारबुर्गला ल्यूथर आणि स्विस धर्मसुधारक झ्विंग्ली बोलणी करायला बसले, पंधरा मुद्द्यांपैकी चौदांवर जमलं आणि याच पंधराव्यावर अडलं. त्या दोघांना जे जमलं नाही ते मिरजेत चहाच्या कपावर मिटवायला जाऊ नये. पाळकांशी बोलायचं असेल तर वेळ ठरवून द्यावी. "पत्र आणलंय का?" हेही पहिल्या महिन्यात विचारू नका. बाप्तिस्मा आणि दृढीकरण (मोठेपणी विश्वास जाहीर करण्याचा विधी) झालंय असं माणूस सांगतो, तेवढं पुरे. कायमचा सभासद व्हायचं ठरलं की आधीच्या मंडळीचं शिफारसपत्र मागवता येतं.

सोमवार ते शनिवार

मंगळवारी महिला मंडळ, बुधवारी घरोघरी प्रार्थना सभा, शुक्रवारी उपास-प्रार्थना. तुमच्याकडे वार वेगळे असतील. मुख्य काम बुधवारचं. नव्या माणसाला पहिल्यांदा कुणाच्या तरी घरी न्यायचं आणि महिन्याभरात त्याच्या खोलीवर सभा ठेवायची. खोली दहा बाय दहाची असली तरी चालते. आमचे पंच म्हणतात जागा पुरणार नाही. मी म्हणतो, दारात बसू. माणूस आपल्या खोलीत सतरंजी अंथरतो, शेजाऱ्याकडून कप मागून आणतो, आणि त्या दिवसापासून तो पाहुणा राहत नाही. सभा पाऊण तासाची ठेवा. पाच गीतं आणि तीन उपदेश झाले तर सकाळच्या पाळीचा माणूस पुन्हा बोलावणार नाही.

वेळ ड्यूटी बघून ठरवावी. नर्सिंगच्या मुलींची पाळी संध्याकाळी सुटते, वसतिगृहाचं फाटक ठरल्या वेळी बंद होतं. कारखान्यातल्या कित्येकांना रविवारी सुट्टी नसते. त्यांना "तुम्ही येत नाही" म्हणण्याऐवजी बुधवार त्यांचाच रविवार समजा.

प्रार्थनेची भाषा ज्याची त्याला. प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी एकाच वेळी आपापल्या भाषेत म्हणायची. सुरुवातीला गलका वाटतो, पण "आमेन" जवळजवळ एकत्रच येतं.

मग काम द्या. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. खुर्च्या लावणं, माइक, शब्बाथ शाळा, काहीही. ल्यूथरन मुलांना शब्बाथ शाळा द्याच. ल्यूथरनं १५२९ साली लिहिलेला लहान प्रश्नोत्तरसंग्रह त्यांनी दृढीकरणाआधी पाठ केलेला असतो: दहा आज्ञा, मतांगीकार, प्रभूची प्रार्थना, आणि प्रत्येकापुढं तोच सवाल, याचा अर्थ काय? झारखंडातल्या खुंटीकडचा एक मुलगा आमच्या पोरांना तसंच विचारतो. पोरं वैतागतात, पण उत्तरं द्यायला लागलीत.

पेशंटबरोबर आलेले

मिरजेत आणखी एक जात पाहुण्यांची: पेशंटचे नातेवाईक. कोकणातून, कर्नाटकातून आलेले, आठ दिवस नाहीतर महिना राहणारे. ते सभासद व्हायला आलेले नसतात. त्यांना वही नको, काम नको, प्रार्थना सभेचं आमंत्रणही नको. विचारा: वॉर्ड कुठला, रक्त लागणार आहे का, रात्री थांबतं कोण. आमच्या महिला मंडळाकडे डबे देण्याची पाळी लावलेली आहे. डब्यात भाकरी असेल तर सोबत भातही असू द्या. लांबून आलेल्या माणसाला ज्वारी लगेच मानवत नाही. दोन तास पेशंटजवळ बसायला कुणी मिळालं तर त्या नातेवाइकाला आंघोळ करून झोपता येतं. हे उपदेशापेक्षा जास्त लागतं.

जेवण आणि लिलाव

प्रीतिभोजनात दरवेळी आपलाच रस्सा आणि आपलाच भात नको. एकदा आंध्रवाल्यांना चूल द्या. त्यांना गोंगुरा हवा असतो. मंडईत अंबाडी मिळते, तीच ती भाजी. त्यांच्या हातची अंबाडी आमच्या बायांनी खाल्ली आणि त्यानंतर बराच वेळ फोडणीवरून वाद रंगला.

कापणीच्या सणाला आधी सांगून ठेवा की उपासनेनंतर लिलाव असतो. नाहीतर एक भोपळा पाचशेला जाताना बघून नवा माणूस घाबरतो, आणि मध्येच डोकं खाजवायला हात वर केला तर भोपळा त्याच्याच गळ्यात पडतो.

ज्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही

नर्सिंगच्या मुलींबरोबर त्यांच्या मैत्रिणी येतात, कुणाचा नवरा येतो, शेजारी येतात. त्यांना कुठली बाजू दाखवायची, असं विचारणारे पंच आहेत. त्यांना मी साताऱ्याची आठवण देतो. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात "देवाचा दरबार" मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. आपल्याच जिल्ह्याशेजारी हे होऊन शंभर वर्षं उलटली. बाक दाखवा, चहा द्या, प्रभुभोजनाच्या वेळी काय करायचं ते हळूच आधी सांगा.

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार

३१ ऑक्टोबर १५१७ ला ल्यूथरनं विटेनबर्गला आपले ९५ मुद्दे मांडले, त्याची आठवण ल्यूथरन मंडळ्या ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी करतात. त्या दिवशीची उपासना आम्ही त्यांच्याच हाती सोपवतो. वेदीवर लाल कापड असतं. खुंटीच्या मुलानं कार्डशीटवर ल्यूथरच्या मुद्रेवरचं गुलाब रंगवून आणलं होतं: लाल हृदयात काळा क्रूस, भोवती पांढरं गुलाब, निळी पार्श्वभूमी, कडेला सोनेरी वर्तुळ. सोनेरीसाठी त्यानं लग्नपत्रिकेची पट्टी कापून चिकटवली होती. ते अजून शब्बाथ शाळेच्या भिंतीवर आहे.

जाणाऱ्यांचं

ही माणसं जातात. कोर्स संपतो, बदली होते, ठेकेदार दुसरीकडे नेतो. जाणार हे कळलं की त्या आठवड्यात पाळकांकडून शिफारसपत्र तयार करून घ्या. मराठीत नको, इंग्रजीत किंवा हिंदीत. गुंटूरच्या पाळकांना वाचता आलं पाहिजे. बाप्तिस्म्याची, दृढीकरणाची तारीख, इथं कुठलं काम केलं ते एका ओळीत. आवक-जावक नंबर घाला, शिक्का मारा, आणि तिथंच उभं राहून त्याला मोबाइलवर फोटो काढायला लावा. कागद गाडीत हरवतात.